पाकिटातली एकच राखी

हॅलिफॅक्स, कॅनडा
२५ जुलै २०२४

तांडेल, नंदू आणि रत्नप्रभा,

हे पत्र रत्नप्रभाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आहे. म्हणून रत्ने, आधी चहा पिऊन घे, चष्मा शोध, आणि मधेमधे स्वतःची मतं घालू नकोस.

मी बरी आहे. श्वेताची हॉस्पिटलात नर्सची नोकरी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. ती नसली की दिशा माझ्याकडे. चार वर्षांची पोर, पण मराठी अशी बोलते की भांडुपच्या आमच्या चाळीत जन्मली असं वाटावं. जावईबापू सौरभ कामासाठी सध्या दुसऱ्या गावी असतात. एकूण मजेत.

इथे समुद्र आहे, घरातून चालत जाता येतं. पण तांडेल, तुमच्या समुद्रासारखा वास नाही हो त्याला. गोठल्यासारखा नुसता पडून असतो. बंदरात होड्या आहेत, रंगीत, स्वच्छ, दाढी केलेल्या जावयासारख्या. मी तिथल्या एका म्हाताऱ्याला खुणेने विचारलं, मासे कुठायत? त्याने मला दुकानाचा रस्ता दाखवला.

आता नारळी पौर्णिमा आली. मुलुंडच्या वाचनालयातल्या त्या फोटोग्राफीच्या वर्गात आपण चौघं शेवटच्या बाकावर बसलो आणि सगळ्यांत जास्त बोललो, तेव्हापासून एकही सण चुकवला नाही. नारळी पौर्णिमा तांडेलांकडे खारदांड्याला, गौरी माझ्याकडे भांडुपला, दिवाळी नंदूकडे कांजूरमार्गला, पाडवा रत्नप्रभाच्या मुलुंडच्या मोठ्या हॉलमध्ये. ज्याच्या घरची जशी रीत तसं जेवण. मग तांडेलांनी फोटो दाखवायचे आणि मी मागच्या फोटोवरची कविता वाचायची. यंदा पहिल्यांदा माझी जागा रिकामी असेल. तिथे नंदूला पाय पसरू देऊ नका.

फोन का करत नाही म्हणाल, तर फोन लागला की दिशा पडद्यावर बोटं फिरवते आणि तुम्ही सगळे उलटे दिसायला लागता. शिवाय कविता आणि फोटो कागदावरच द्यायचे, हा आपलाच नियम आहे.

सोबत नंदूसाठी राखी. मीच लोकरीची विणली आहे. नंदू, तिथल्या उकाड्यात रोज घातलीस तर हात शिजेल, तेव्हा त्या दिवसापुरती घाल.

डिसेंबरात येतेच आहे.

तुमची,
जानकी

*

खारदांडा, मुंबई
२२ ऑगस्ट २०२४

जानकीबाई,

पत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हातात पडलं. पोस्टमनला चहा पाजला.

मला अंगठ्याने फोनवर लिहिता येत नाही. एक ओळ होईपर्यंत भरती येऊन ओसरते. म्हणून मंडळींच्या वतीने हे पत्र मीच लिहितो.

सगळे आले होते. सून पूर्वीने नारळीभात केला, करंज्या केल्या. संध्याकाळी सोन्याचा नारळ पालखीतून निघाला. मी बंदरावर गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढले. कृणाल ओरडत होता, "पप्पा, कॅमेरा पडेल, तुम्ही पडाल." दोघेही पडलो नाही. होडी विकून इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी पाण्यातून पाय निघत नाही.

घरी येऊन तुमचं पत्र वाचलं. रत्नप्रभाबाईंनी मतं घातलीच. दाढी केलेल्या जावयावर नंदू इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग राखी निघाली. ती नंदूला बांधली. मग रत्नप्रभाबाईंनी पाकिटात बोटं घातली. पाकीट उलटं करून झटकलं. आत डोळा लावून बघितलं.

"अगं बाई, हरेश्वर, तुमची कुठाय?"

पूर्वी आतून करंज्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"विसरली वाटतं जानकी. मीच बांधते. पूर्वी, घरात दोरा आहे का गं?"

मी म्हटलं, "राहू द्या. हात ओला आहे."

जानकीबाई, हात कोरडा होता.

मागच्या वर्षीही तुम्ही नंदूला बांधली होती आणि माझ्यापुढे आरती धरून पुढे गेला होता. त्याच्या आदल्या वर्षीही. मी कधी विचारलं नाही. आता तुम्ही दूर आहात म्हणून विचारायचं धाडस होतं. विसरलात का? विसरला असाल तर तसं कळवा. नसाल तर हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजा.

सोबत फोटो. पताका लावलेली ही होडी माझ्या भाच्याची. कविता पाठवा. मंडळी वाट बघत आहेत.

आपला,
हरेश्वर

*

हॅलिफॅक्स
२० सप्टेंबर २०२४

तांडेल आणि मंडळी,

पाकिटात दोन कागद आहेत. हा मोठा सगळ्यांचा. घडी घातलेला लहान कागद तांडेलांचा आहे. रत्ने, हात मागे घे.

गौरी बसवल्या! इथे तेरडा कुठून आणू? शेजारच्या बाईच्या कुंपणाशी जांभळी रानफुलं होती. तिला विचारून तीच आणली. मुखवटा दिशाने कागदावर रंगवला. गौरीला तिने मिशा काढल्या होत्या, त्या पुसायला अर्धी सकाळ गेली. माझी आई गौरीच्या दिवशी म्हणायची, "गवर घराक इली हा, आता कोणी भांडूचा नाय." ते मी दिशाला शिकवलं. आता ती रोजच म्हणते.

वडे तळायला घेतले आणि छतावरचं ते धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. सगळ्या इमारतीतली माणसं जिन्यात! श्वेता झोपेतून उठून धावली. मी टॉवेलने वारा घालतेय, दिशा टाळ्या वाजवतेय. शेवटी त्या शेजारणीला आणि खालच्या पंजाबी कुटुंबाला वडे वाटले, तेव्हा शांतता झाली.

आणखी एक. बंदराजवळच्या दुकानात चिंबोऱ्या होत्या. तांडेलांनी एकदा सांगितलं होतं की कोळीवाड्यात गौरीला चिंबोरीचा नैवेद्य लागतो. मी आणली. माझ्या गौरीच्या ताटात एका बाजूला आमचे वडे, दुसऱ्या बाजूला चिंबोरी. देवीने काही तक्रार केली नाही.

होडीच्या फोटोवरची कविता (रत्ने, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक):

होडीच्या नाळेला फुलांच्या माळा,
पताका ओढते वाऱ्याच्या दिशेला;
दोराचा एकच पीळ उरलेला
धरून ठेवतो तिला किनाऱ्याला.

सगळ्यांना आठवण.

जानकी

(लहान कागद)

तांडेल,

विसरले नाही.

जा.

*

खारदांडा
५ नोव्हेंबर २०२४

जानकी,

'बाई' लिहायला घेतलं होतं, हात थांबला. चालेल ना?

तुमचा लहान कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. नंदूकडे दिवाळीला गेलो तेव्हा खिशात, भांडुपला गेलो तेव्हाही खिशात. आता घड्यांवर झिजायला लागलाय, म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलाय.

हो, भांडुपला गेलो होतो. रत्नप्रभाबाईंकडून किल्ली घेतली. म्हटलं, सणाला दारात अंधार नको. नंदूने केलेला कंदील तुमच्या गॅलरीत टांगला. समोरच्या घरातल्या मावशी बाहेर आल्या, "कोण पायजे?" मी म्हटलं, "कंदील लावायला आलोय." त्यांनी मला खालीवर बघितलं आणि विचारलं, "तुम्ही जानकीचे कोण?" मी म्हटलं, "मी फोटो काढतो." त्या हसल्या. बशीतून चकल्या दिल्या. कंदिलाचा फोटो सोबत आहे. मागे दिसतंय ते तुमचं बंद दार.

घरचं एक सांगतो. कृणालला पत्रांचं कळलं. तो तापट नाही, आईवर गेलाय. मी संध्याकाळी टेबलाशी बसून तुम्हाला लिहीत होतो. तो आला, उभा राहिला आणि म्हणाला, "पप्पा, निदान आईच्या फोटोखाली बसून लिहू नका."

एवढंच. आवाजही चढवला नाही. मला उठून बाहेर जावंसं वाटलं आणि मी गेलो. हे पत्र बंदरावर, भाच्याच्या होडीत बसून लिहितोय. अक्षर हलतंय ते त्यामुळे. त्याची आई गेली तेव्हा तो कॉलेजात होता. तिच्याबरोबर माझा संसार चांगला झाला, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचाही श्वेताच्या बाबांबरोबर चांगला झाला. आपण दोघं तसल्या गोष्टी सांगतच मित्र झालो. म्हणून मला यात कुणाचं काही चोरल्यासारखं वाटत नाही. पण पोराला कसं सांगायचं?

डिसेंबरात येताय ना? मला एक विचारायचं आहे. कागदावर नाही विचारणार. समोर. या वयात माणसाने एवढं तरी तोंडाने बोलावं.

तारीख कळवा. मी विमानतळावर येईन.

हरेश्वर

*

हॅलिफॅक्स
१२ जानेवारी २०२५

सर्व मंडळींना संक्रांतीचा तिळगूळ.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. येणं पुढे ढकललंय. श्वेताच्या ड्यूट्या वाढल्यात आणि दिशाला एकटं सोडता येत नाही. कधी येईन ते आत्ता सांगता येत नाही.

इथे खूप बर्फ आहे. तिळगुळाचे लाडू केले, ते दिशाने बर्फातल्या बाहुल्याला डोळे म्हणून लावले. एक खारीने नेला. बाहुला काणा झाला.

यावेळी फोटोवरची कविता नाही जमली. ही अशीच आहे, घ्या:

इथला बर्फ आवाज न करता पडतो,
सकाळी सगळी दारं सारखी दिसतात.
मी माझं दार ओळखते,
कारण आतून कुणीतरी
आई म्हणून हाक मारतं.

तब्येती सांभाळा. कंदिलासाठी आभार.

जानकी

*

खारदांडा
१८ मार्च २०२५

श्रीमती जानकीताई यांस,

पत्र मिळालं. कविता मंडळींना वाचून दाखवली. रत्नप्रभाबाईंना आवडली. त्यातलं दार कुठलं ते मला समजलं. माणसाचं घर जिथे लेकरू हाक मारतं तिथे असतं, यात चूक काही नाही.

तुमचं भांडुपचं घर भाड्याने दिलं, हे रत्नप्रभाबाईंकडून कळलं. किल्ली त्या भाडेकरूंना देऊन आल्या. कंदील गॅलरीतच राहिला होता, तो त्यांनी काढून आणला. बरं झालं, निर्णय झाला. नोव्हेंबरच्या पत्रात मी काही जास्त लिहिलं असेल तर ते सोडून द्या.

होळी झाली. कोळीवाड्यात झाड उभं राहिलं, बाया मडकी घेऊन वाजतगाजत निघाल्या. मंडळी यावेळी आली नाहीत. नंदूचे गुडघे धरलेत, रत्नप्रभाबाईंना एवढं लांब एकट्याने यायचा कंटाळा. फोटो काढले नाहीत. कॅमेरा कृणालला दिलाय, त्याला पोरांच्या क्रिकेटच्या सामन्यांना लागतो.

श्वेताला आणि दिशाला आशीर्वाद.

कळावे,
हरेश्वर

*

हॅलिफॅक्स
९ एप्रिल २०२५

तांडेल,

'ताई'?

तुमचं पत्र मी ओट्याजवळ उभी राहून वाचलं. पहिला शब्द वाचला आणि गॅस बंद केला. इतकी वर्षं नंदूच्या हातावर राखी बांधताना, तुमच्यापुढे आरती धरून पुढे जाताना माझी जी त्रेधा उडायची, ती तुम्ही पाहिली होती. आणि एका शब्दाने मला ताई करून टाकलंत? मला भयंकर राग आला. इतका की समुद्रावर गेले आणि तुमच्यावर ओरडून आले. मराठीत. एक कुत्रा घाबरून पळाला.

आता ऐका. हे मंडळींना नाही, तुम्हाला एकट्याला.

सौरभ दुसऱ्या गावी कामाला नाही. तो घर सोडून गेलाय. मी इथे यायच्या आधीच. नातीला सांभाळायला चालले असं मी तुम्हाला सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. श्वेताने फोनवर नुसतं "आई, ये ना" म्हटलं होतं आणि मी बॅग भरली. तिने शपथ घातली, कुणाला कळता कामा नये. मी फोन टाळायचे ते यासाठी. तुमच्याशी जपून बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिणंच थांबलं. डिसेंबरात कोर्टाचं सुरू झालं. श्वेता रात्री कामावर जायची, दिवसा वकिलाकडे, आणि घरी आली की न्हाणीघरात नळ सोडून रडायची. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असायचे. एकदा आतून तिने हाक मारली, "आई." नुसती हाक. काही मागायचं नव्हतं.

कवितेतली हाक ती. दिशाची नाही. दिशा मला आजी म्हणते, तांडेल, एवढं तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

घर भाड्याने दिलं कारण बंद राहून भिंतींना ओल आली होती, समोरच्या मावशींनी कळवलं. त्यात बाकी काही अर्थ नव्हता. पण आता खरंच, मला भांडुपात परतायला दार नाही, आणि हे तुमचं पत्र आल्यापासून ते मला फार लागलंय.

तुम्ही डिसेंबरात काय विचारणार होता ते मला कळलं होतं. म्हणूनच तारीख कळवता आली नाही. पोरीकडे पाहिलं की निघवत नाही. समुद्राकडे पाहिलं की राहवत नाही. 'हो' म्हणून तुम्हाला वाट बघत ठेवायचं, हे मला बरोबर वाटेना. मग मी काहीच म्हटलं नाही आणि तुम्ही मला ताई केलंत.

कॅमेरा कृणालकडून परत घ्या.

जानकी

*

खारदांडा
११ मे २०२५

जानकी,

चुकलो. कान पकडतो. लेकीचं दुखणं उरात घेऊन तुम्ही लाडू वळत होता आणि मी इथे रुसून बसलो होतो.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कॅमेरा मागितला. कृणाल वाळत घातलेल्या बोंबलांपाशी उभा होता. म्हणाला, "का? तुम्हीच तर दिला होता."

मी म्हटलं, "जानकीबाईंना फोटो पाठवायचेत."

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "पप्पा, एकदा सरळ सांगा. काय आहे ते."

मग मी सांगितलं. सगळं नाही, पण खोटं एकही नाही. सांगितलं की त्या इथे असत्या तर मी त्यांना विचारणार होतो की माझ्याबरोबर राहाल का. सांगितलं की तुझ्या आईचा फोटो जिथे आहे तिथेच राहील. तो बराच वेळ बोंबील उलटत राहिला. सगळे उलटून झाले, मग पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागला. मग म्हणाला,

"त्या घरात आल्या आणि समोर आईचा फोटो, तर त्यांना कसं वाटेल? त्याचा विचार केला का तुम्ही?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने झटकला नाही.

माझी बहीण अंजनाबाई बाजारातून टोपली घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "करतंस तं उघड कर रं. होडीत बसून कागद काय लिवतंस चोरासारखा?" म्हणून हे पत्र घरात बसून लिहितोय. टेबल कृणालनेच खिडकीपाशी सरकवलं.

आता विचारतो. समोर विचारणार होतो, पण समोर कधी येणं होईल कुणाला ठाऊक. जानकी, उरलेले सण माझ्या घरी कराल का? नुसतं जेवायला येऊन परत जाण्यासारखे नाही. आदल्या दिवशीची झाडलोट, दुसऱ्या दिवशीचं शिळं, सगळं धरून.

श्वेताला सोडून या असं मी म्हणणार नाही. तिला तुमची गरज आहे तोवर तिथेच राहा. आमच्या कोळीवाड्यात पुरुष दर्यावर जातात आणि बाया किनाऱ्यावर वाट बघतात. यंदा उलटं झालंय, एवढंच. मी शिकेन. अंजनाबाईला विचारलं, कशी गं बघायची वाट? ती म्हणाली, काम करत बघायची. तेव्हा मी रोज फोटो काढतोय.

तीन सोबत पाठवतो. एक पूर्वीचा, हसणारा. एक अंजनाबाईचा, न हसणारा. तिसरा माझा, कृणालने काढलेला. केस फार पिकलेत, आधीच बघून ठेवा.

हरेश्वर

*

मुलुंड
१२ ऑगस्ट २०२५

जानके,

नारळी पौर्णिमा झाली. मी खारदांड्याला गेले होते, नंदूलाही टॅक्सीत घालून नेलं. आणि तिथे मला सगळं कळलं. पूर्वीने सांगितलं. स्वयंपाकघरात मी नुसतं विचारलं, "हे हरेश्वर सारखे दाराकडे का बघतायत?" तर ती म्हणाली, "पोस्टमनकडे बघतात, काकी. मे महिन्यापासून."

मग तिने सांगितलं कशासाठी. मी तिथे पाटावर बसलेच. अगं, आणि मी गेल्या वर्षी त्या माणसाला राखी बांधायला निघाले होते! पूर्वीकडे दोरा मागत होते! माझ्यासारखी मूर्ख बाई साऱ्या मुंबईत नसेल. तू मला एक शब्द सांगू नयेस? मी काय सगळ्या मुलुंडला सांगितलं असतं? बरं, सांगितलं असतं. पण तरी.

श्वेताचंही पूर्वीच्याच तोंडून निसटलं. ते मात्र मी कुणाला सांगणार नाही, तुझी शपथ. तिला म्हणावं, रत्नामावशीच्या हॉलमध्ये त्या दोघी मायलेकी कधीही येऊन राहू शकतात.

आता तू ऐक. तुझी अडचण खरी आहे, मी समजते. पण त्याने विचारलंय आणि तू गप्प आहेस. तो कुणाला काही बोलत नाही. फोटो दाखवताना मधेच थांबला आणि म्हणाला, "हा जानकीला आवडला असता." 'असता' म्हणाला गं! 'आवडेल' नाही. मला ते ऐकवलं नाही. मी करंजी खात होते, ती तशीच खाली ठेवली.

हो म्हण नाहीतर नाही म्हण. पण काहीतरी म्हण यार.

तुझी,
रत्नप्रभा

*

हॅलिफॅक्स
८ सप्टेंबर २०२५

हरेश्वर,

नावाने लिहिलंय. पहिल्यांदाच.

तुमचं मेमधलं पत्र आलं तेव्हा कोर्टाचे शेवटचे दिवस होते. निकाल लागेपर्यंत उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण अर्धं उत्तर तुम्हाला द्यायचं नव्हतं. तसं एका ओळीने कळवायला हवं होतं. रत्नप्रभाने चांगलं झापलंय, ते वाजवी आहे. निकाल गेल्या महिन्यात लागला. दिशा श्वेताकडेच राहणार. श्वेताला आता दिवसाची ड्यूटी मिळाली आहे आणि दिशाची शाळा सुरू झाली.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवत होते. श्वेताने चादरी बदलताना ते उचललं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. मी दारात उभी होते आणि ती एकेक शब्द जुळवत वाचत होती. तिला थांबवावं असं वाटलं, पण थांबवलं नाही. फोटोतल्या तुमच्याकडे तिने नीट बघितलं.

"हेच का ते कंदीलवाले काका?"

"हो."

"आणि तू यांना मेपासून उत्तर दिलं नाहीस?"

"तुझं सगळं चाललं होतं गं..."

ती चिडली. खूप चिडली. "माझ्यासाठी म्हणून नको ना करूस आई असं! सौरभ गेला त्याचं मी बघेन. तू माझ्यासाठी तुझं माणूस गमावलंस, तर ते मी कुठे ठेवू? ते नाही पेलणार मला." मग रडली. मग मी रडले. दिशा येऊन म्हणाली, "गवर घराक इली हा, आता कोणी भांडूचा नाय." आम्ही भांडत नव्हतो, पण गप्प झालो.

नंतर दोघी बसून बोललो. मी कायमची येऊ शकत नाही, हरेश्वर. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला फसवल्यासारखं होणार नाही. श्वेता खंबीर आहे, पण अजून एकटीने उभी राहायला शिकतेय. दिवाळीला येईन आणि मार्चच्या शेवटी इकडे परत येईन. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा. अर्धं वर्ष तिकडे, अर्धं इकडे. असा संसार कुणी केलेला मी ऐकला नाही. काही सण तुमच्या घरी होतील आणि काही सणांना तुम्ही पुन्हा दाराकडे बघत बसाल. मीही इथल्या खिडकीत बसेन. हे तुम्हाला झेपणार असेल, तर माझं उत्तर हो आहे.

आदल्या दिवशीची झाडलोट आणि दुसऱ्या दिवशीचं शिळं, दोन्ही मान्य.

कृणालला सांगा, त्याच्या आईच्या फोटोला रोजचा हार मी घालेन. त्याला चालणार असेल तरच. नसेल तर मी काही म्हणणार नाही. आणि पूर्वीला सांगा, मला चिंबोरी साफ करता येत नाही, ती तिने शिकवायची.

तिकीट काढलं आहे. सोळा ऑक्टोबरला सकाळी विमान उतरतं. केस तुमचे पिकलेत, माझेही पिकलेत. शिवाय इथल्या थंडीत मी जाड झालेय, तेव्हा ओळखायला वेळ लागला तर लाजू नका.

रत्नप्रभाला आणि नंदूला तारीख एक दिवस उशिराची सांगा. नाहीतर ती ढोल घेऊन येईल आणि आल्याआल्या मतं घालायला लागेल. कृणाल सोडायला येतो म्हणाला तर त्याला बाहेर गाडीत थांबू द्या.

आत तुम्ही एकटेच या.

जानकी